उंदराचे तीन तास, माणसाचे चौतीस

गोळीचा प्रवास : लेखांक ११

म्हाताऱ्या मांजरांनाही रक्तदाबाचा त्रास होतो. मूत्रपिंडं कमजोर झालेल्या मांजरांत तो बराच आढळतो आणि बहुतेक वेळा उशिरा कळतो. एके दिवशी मांजर टेबलाच्या पायाला, दाराच्या चौकटीला धडकायला लागतं. वाढलेल्या दाबामुळं डोळ्यातला पडदा सुटलेला असतो. मग पशुवैद्य पुढच्या पायाला किंवा शेपटीला छोटासा पट्टा गुंडाळून दाब मोजतात आणि गोळी लिहून देतात. ती गोळी बहुधा अम्लोडिपिनचीच असते, म्हणजे आपल्याकडे घरोघरी ‘बीपीची गोळी’ म्हणून घेतली जाते तीच. मांजराचा नेहमीचा डोस ०.६२५ मिलिग्रॅम, आपल्या पाचच्या गोळीचा बरोबर आठवा भाग.

वजनाशी ताडून पाहिलं तर चार किलोच्या मांजराला किलोमागे सुमारे ०.१६ मिलिग्रॅम औषध मिळतं आणि साठ किलोच्या माणसाला ०.०८. फरक दुपटीचा. मांजर आणि माणूस इतके वेगळे असताना फरक एवढाच, याचंच नवल वाटावं. पण मांजराऐवजी प्रयोगशाळेतला उंदीर घेतला, की वजनाचं गणित साफ मोडतं.

मागच्या लेखांकात आपण सर्पगंधेची गोष्ट पाहिली. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये तिचे रक्तदाबावरचे परिणाम मांडले, तेव्हा ती मुळी आपल्याकडे शतकानुशतकं वापरात होती. तिचा वापर काही उंदराचा कौल घेऊन सुरू झालेला नव्हता. प्रयोगशाळेत नव्यानं घडवलेल्या रेणूला अशी पूर्वपुण्याई नसते. तो आधी जनावरांच्या पोटात जातो आणि मग माणसाच्या. म्हणून आजचा प्रश्न असा : जनावराच्या शरीरात औषधाचं जे होतं, तेच आपल्या शरीरात होतं का?

अम्लोडिपिन फायझर कंपनीच्या इंग्लंडमधल्या सँडविच इथल्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९९० च्या सुमारास बाजारात आलं. त्याआधी त्याचा माग काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी त्याच्या रेणूत कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन बसवला. असं खूण केलेलं औषध रॅटला दिलं, माऊसला दिलं (या दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो, पण इथं त्यांना वेगळं ठेवावं लागेल), कुत्र्याला दिलं आणि मोजक्या स्वयंसेवकांनाही दिलं. पुढचं काम कंटाळवाणं आणि थोडं किळसवाणं असतं. कित्येक दिवस लघवी आणि विष्ठा गोळा करायची, रक्ताचे नमुने घ्यायचे आणि खूण कुठं, कोणत्या रूपात बाहेर पडते ते मोजत बसायचं. औषधशास्त्रातलं मला सर्वांत प्रामाणिक वाटणारं काम हेच. दिलेल्या औषधाचा शेवटच्या कणापर्यंत हिशेब लावल्याशिवाय इथं वही बंद करता येत नाही.

माणसाच्या बाबतीत हिशेब साधारण असा लागला. खूण केलेल्या औषधातला सुमारे ६० टक्के भाग लघवीवाटे बदललेल्या रूपात बाहेर पडला, २० ते २५ टक्के विष्ठेतून. जसंच्या तसं, न बदलता लघवीत उतरलं ते जेमतेम १० टक्के. बाकी सगळ्या रेणूंवर यकृतानं हात फिरवलेला होता. अम्लोडिपिनच्या रेणूच्या मध्यभागी एक षट्कोनी कडं असतं. यकृतातली विकरं, मुख्यतः सीवायपी३ए४ नावाचं विकर, त्या कड्यातले दोन हायड्रोजन काढून घेतात. एवढ्या छोट्याशा बदलानं रेणूची ताकद जाते. रक्तवाहिनीच्या स्नायूत कॅल्शियम शिरण्याची जी वाट तो अडवत होता, ती त्याला आता अडवता येत नाही. नंतर बाजूच्या शेपट्या तुटतात, अमाइनचा गट निघून जातो आणि उरलेला रेणू पाण्यात विरघळण्याजोगा होऊन मूत्रपिंडाच्या हवाली होतो.

कड्यातले हायड्रोजन काढण्याची ही मुख्य पायरी रॅट, कुत्रा आणि माणूस या तिघांतही दिसली. पुढच्या तोडफोडीत कोणता भाग आधी आणि किती तुटतो, यात मात्र प्राण्याप्राण्यांत फरक होता. आणि वेगातला फरक तर थक्क करणारा होता. रक्तातलं औषध निम्म्यावर यायला माणसात सुमारे ३४ तास लागतात, कुत्र्यात ३०, माऊसमध्ये ११ आणि रॅटमध्ये ३.

याचं एक सोपं स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं : प्राणी लहान, तर त्याचं सगळंच भराभर. त्यात तथ्य आहेच. यकृतातून दर मिनिटाला वाहणारं रक्त शरीराच्या वजनाशी ताडलं, तर माणसात ते किलोमागे सुमारे २१ मिलिलिटर भरतं, कुत्र्यात ३१, रॅटमध्ये ५५ आणि माऊसमध्ये ९०. जितकं रक्त यकृतातून जाईल, तितकं औषध विकरांच्या तावडीत सापडेल. पण हाच नियम पुरा असता, तर सर्वांत लहान आणि सर्वांत धावपळीचा माऊस सर्वांत पुढं असायला हवा होता. प्रत्यक्षात त्याला रॅटच्या जवळजवळ चौपट वेळ लागतो. म्हणजे विकर कोणतं, किती आणि या रेणूची त्याला किती गोडी, हे सगळं शरीराच्या आकारावरून काढता येत नाही. ते त्या त्या प्राण्यात जाऊनच पाहावं लागतं.

आता माणसाचे चौतीस तास कसे, तेही पाहू. अम्लोडिपिनचाच थोरला भाऊ निफेडिपिन माणसाच्या रक्तातून दोनेक तासांत अर्धं होतं. अम्लोडिपिनच्या रेणूला मात्र अमाइनची एक शेपटी जास्तीची आहे आणि रक्ताच्या सामान्य आम्लतेत तिच्यावर धनभार असतो. त्यामुळं लोणच्याचं तेल बरणीला धरून राहावं तसा हा रेणू पेशींच्या स्निग्ध पडद्यांना धरून राहतो. रक्तात थोडा, ऊतींत पुष्कळ. यकृतापर्यंत एका वेळी थोडंच औषध पोचतं आणि तिथंही ते संथपणे बदलतं. म्हणून दिवसातून एकदा गोळी पुरते. म्हणूनच गोळी सुरू केल्यावर तिचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर लागतो आणि एखाद्या दिवशी चुकली तरी दाब लगेच उसळत नाही. ही सवलत आहे, सल्ला नव्हे. ज्यांचं यकृत आजारी आहे त्यांच्यात हाच वेळ आणखी लांबतो. त्यांना डॉक्टर अडीचच्या गोळीनं सुरुवात करतात, ते यासाठी.

इथवर गोष्ट वेगाची होती. वेग मोजता येतो, डोस त्याप्रमाणं वरखाली करता येतो. रॅटमध्ये औषध लवकर संपतं, तर त्याला किलोमागे जास्त द्यायचं. माणसाच्या रक्तात जितकं औषध फिरणार, तितकं त्याच्या रक्तात फिरू द्यायचं आणि मग काय बिघडतं ते पाहायचं. अम्लोडिपिनच्या बाबतीत हे जमलं, कारण रॅट, कुत्रा आणि माणूस यांचा मुख्य रस्ता एकच होता. जिथं रस्ताच वेगळा असतो, तिथं डोस कितीही वाढवला तरी तो प्राणी माणसाची जागा घेऊ शकत नाही.

रक्तदाबाच्याच एका औषधानं हा धडा फार विचित्र रीतीनं दिला. त्याचं नाव डेब्रिसोक्विन. आज ते कुणी लिहून देत नाही, पण साठ-सत्तरच्या दशकांत ब्रिटनमध्ये ते चालत होतं. डॉक्टरांची तक्रार एकच होती : कुणाला थोडंसं देऊन भागतं, तर कुणाला कितीतरी पट दिलं तरी दाब हलत नाही. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटल मेडिकल स्कूलमधले रॉबर्ट स्मिथ औषधांच्या चयापचयाचे अभ्यासक होते. १९७५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी प्रयोगासाठी स्वतःच डेब्रिसोक्विन घेतलं. सहकाऱ्यांना काही झालं नाही. स्मिथ यांचा रक्तदाब मात्र इतका घसरला की उभं राहणं अशक्य झालं. सगळ्यांच्या लघव्या तपासल्या तेव्हा उलगडा झाला. इतरांच्या लघवीत औषधाचं ‘फोर-हायड्रॉक्सी’ हे बदललेलं रूप भरपूर होतं. स्मिथ यांच्या लघवीत ते जवळपास नव्हतंच, औषध जसंच्या तसं उतरलं होतं.

स्वतःच्या शरीरावर असा प्रयोग करायला आजची नैतिकता समिती परवानगी देईलसं वाटत नाही. बरंच झालं म्हणायचं, आणि तरीही त्या दिवशी स्मिथ यांच्याऐवजी दुसऱ्या कुणी गोळी घेतली असती तर हा शोध किती वर्षं लांबला असता, असा विचार मनात येतोच. पुढं त्यांच्या गटानं ९४ स्वयंसेवकांना डेब्रिसोक्विनचा लहानसा डोस देऊन लघवीतलं मूळ औषध आणि त्याचं बदललेलं रूप यांचं गुणोत्तर काढलं. १९७७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आला. माणसांचे सरळ दोन गट पडत होते आणि त्या ९४ जणांत तिघे स्मिथ यांच्यासारखे होते. कुटुंबांचा अभ्यास केला तेव्हा हा गुण आनुवंशिक निघाला. त्याच सुमारास जर्मनीत मिशेल आयशेलबाउम यांना स्पार्टिन या दुसऱ्याच औषधाच्या बाबतीत नेमकं हेच दिसलं होतं. दोन्हींमागचं विकर एकच होतं, सीवायपी२डी६. १९८८ मध्ये त्याचा जनुकीय दोष उकलला. युरोपीय लोकांत पाच ते दहा टक्के माणसांत हे विकर काम करत नाही, पूर्व आशियात एखाद टक्का, भारतीयांत दोन ते पाच टक्क्यांच्या आसपास. उलट काहींच्या अंगी या जनुकाच्या जास्तीच्या प्रती असतात आणि त्यांच्यात औषध टिकतच नाही. इथिओपियातल्या एका अभ्यासात अशी माणसं २९ टक्के आढळली.

आता जनावरांकडे वळू. स्मिथ यांच्याच गटानं १९८१ मध्ये रॅटच्या वेगवेगळ्या जाती तपासल्या. लुईस नावाच्या जातीचे रॅट डेब्रिसोक्विन आरामात बदलत होते, तर ‘डार्क अगूटी’ जातीच्या माद्यांना ते जमत नव्हतं, अगदी स्मिथ यांच्यासारखं. म्हणजे ‘रॅटमध्ये काय होतं’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणता रॅट, नर की मादी, हेही विचारायला हवं. समजा, एखाद्या प्रयोगशाळेनं केवळ पुरवठादाराकडं सहज मिळते म्हणून एक जात निवडली आणि शेजारच्या प्रयोगशाळेनं दुसरी. दोघींचे निष्कर्ष वेगळे येतील आणि दोघीही खरं बोलत असतील.

माऊसची कथा आणखी मासलेवाईक. माणसाकडं सीवायपी२डी६च्या कुळातलं कामाचं जनुक एकच आहे, रॅटकडं सहा, माऊसकडं तर नऊ. जनुकं नऊ असताना डेब्रिसोक्विन तर चुटकीसरशी बदलायला हवं. पण माऊसला ते धड बदलता येत नाही. त्याची नऊ जनुकं त्याच्या स्वतःच्या गरजांसाठी घडलेली आहेत. शेवटी २००१ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी माणसाचं सीवायपी२डी६ जनुक माऊसमध्ये घातलं, तेव्हा कुठं तो आपल्यासारखा वागू लागला.

डेब्रिसोक्विन इतिहासजमा झालं, पण रक्तदाबावरचं मेटोप्रोलॉल आपल्या औषधपेट्यांत आजही आहे आणि तेही याच विकराच्या हातून जातं. हे विकर नसलेल्यांच्या रक्तात मेटोप्रोलॉलची पातळी कित्येक पट चढते आणि औषध निम्म्यावर यायला तीन-चार तासांऐवजी सात-आठ तास लागतात. कुणाची नाडी एवढ्याशा गोळीनं पन्नाशीच्या खाली का जाते, याचं उत्तर कधीकधी इथं असतं.

कुत्र्याची गोष्ट वेगळ्याच कारणानं सांगण्यासारखी आहे. हायड्रॅलझिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं जुनं औषध. गरोदरपणात दाब फार चढला तर त्याचं इंजेक्शन अजूनही दिलं जातं. यकृत त्याला एक अ‍ॅसिटिल गट जोडून निकामी करतं. क्षयरोगावरचं आयसोनियाझिड ज्या विकराकडं जातं, त्याच्याचकडं हेही जातं. माणसांत काही जण हे काम भराभर करतात, काही सावकाश. भारतीयांत सावकाश करणारे निम्म्याहून अधिक आहेत. हायड्रॅलझिन दीर्घकाळ मोठ्या डोसात घेतल्यावर सांधेदुखी, ताप, ल्यूपससारखी लक्षणं दिसतात, ती प्रामुख्यानं या सावकाश गटात. आणि कुत्रा? त्याच्या जनुकसंचात हे विकर बनवणारं जनुकच नाही. जगातला प्रत्येक कुत्रा या बाबतीत माणसातल्या सर्वांत सावकाश माणसापेक्षाही मागं आहे. लोसार्टन या रक्तदाबाच्या औषधाच्या बाबतीतही कुत्रा असाच फसवतो. माणसात लोसार्टनचा साधारण सातवा हिस्सा सीवायपी२सी९ या विकरामुळं मूळ औषधापेक्षा कितीतरी ताकदवान रूपात बदलतो आणि दिवसभराचा दाब मुख्यतः हे रूपच सांभाळतं. कुत्र्यात ते फारसं तयारच होत नाही. कुत्र्याला लोसार्टन देऊन ‘सुरक्षित आहे’ म्हटलं, तर आपण नेमकं कशाबद्दल बोललो?

हाच प्रश्न औषध नियंत्रकांनाही पडला. नव्या औषधाची विषबाधा-चाचणी सस्तन प्राण्यांच्या किमान दोन जातींवर करावी, त्यातली एक कृंतक म्हणजे उंदराच्या गटातली आणि दुसरी त्या गटाबाहेरची असावी, हा दंडक जगभर आहे. भारताच्या २०१९ च्या नव्या औषधांच्या नियमांतही तो आहे. २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं त्यात महत्त्वाची भर घातली. माणसाच्या रक्तात औषधाचं एखादं बदललेलं रूप ठरावीक मर्यादेपेक्षा, साधारण दहा टक्क्यांपेक्षा, जास्त फिरत असेल आणि चाचणीच्या प्राण्यांत ते तितकं तयार होत नसेल, तर त्या रूपाची वेगळी तपासणी करा. आता बहुतेक कंपन्या चाचणी सुरू करण्याआधीच रॅट, कुत्रा, माकड आणि माणूस यांच्या यकृतपेशी शेजारी शेजारी ठेवून नवा रेणू सगळ्यांत घालून पाहतात आणि माणसाशी जो जुळेल तो प्राणी निवडतात.

प्राण्यांवरच्या चाचण्यांबद्दल जो वाद चालतो, त्यात ही गोष्ट फारशी येत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. एक बाजू म्हणते, उंदरावर चाललं ते माणसावर चालेल. दुसरी म्हणते, उंदीर म्हणजे माणूस नव्हे, बंद करा. प्राक्टोलॉलसारखं उदाहरण दुसऱ्या बाजूच्या हाती असतंच. हे हृदयाचं औषध १९७० मध्ये ब्रिटनमध्ये आलं, प्राण्यांवरच्या चाचण्यांत निर्धोक ठरलं आणि पुढं रुग्णांच्या डोळ्यांना, त्वचेला, पोटातल्या आवरणाला गंभीर इजा करून काही वर्षांतच मागं घ्यावं लागलं. पण अम्लोडिपिनचा कुत्रा माणसाच्या इतका जवळ निघाला, हेही तितकंच खरं आहे. कुठल्या औषधासाठी कुठला प्राणी, हा प्रश्न प्रत्येक रेणूला नव्यानं विचारावा लागतो. भारतानं २०२३ मध्ये नियम बदलून पेशी, कृत्रिम ऊती, संगणकी प्रारूपं अशा पर्यायांनाही जागा दिली आहे. मानवी यकृतपेशी या कामाला उंदरापेक्षा सरस ठरण्याची शक्यता दाट आहे, निदान चयापचयापुरती.

एक उदाहरण मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण ते आपल्या दवाखान्यांत रोज घडू शकतं. क्षयरोगाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन यकृतातल्या पीएक्सआर नावाच्या ग्राहकाला जाऊन चिकटतं आणि त्यामुळं यकृत सीवायपी३ए४ हे विकर प्रचंड प्रमाणात बनवू लागतं. अम्लोडिपिन बदलणारं विकर हेच. पण रॅट आणि माऊस यांच्या पीएक्सआरची घडण थोडी वेगळी असल्यानं त्यांच्यात रिफाम्पिसिन हे काम जवळपास करतच नाही. सशात करतं, माणसात करतं. म्हणजे ही दोन औषधं उंदराला एकत्र देऊन पाहिली, तर सगळं आलबेल दिसेल.

माणसात मात्र टीबीची औषधं सुरू झाल्यावर काही दिवसांत अम्लोडिपिन रक्तात टिकेनासं होतं. वर्षानुवर्षं आटोक्यात असलेला दाब चढू लागतो. रुग्णाला वाटतं, आजारपणाच्या काळजीनं चढला असेल. डॉक्टरांना टीबीचं माहीत असेल तर ते डोस वाढवतात किंवा या विकराच्या वाटेला न जाणारं दुसरं औषध देतात. खरी गफलत होते ती सहा महिन्यांनी. टीबीचा कोर्स संपतो, रिफाम्पिसिन थांबतं आणि दोनेक आठवड्यांत विकराचं प्रमाण पूर्ववत होतं. वाढवलेला डोस मात्र तसाच चालू राहतो. मग पाय सुजतात, उठताना चक्कर येते आणि घरचे म्हणतात, टीबीनं फार अशक्तपणा आणला. टीबीची औषधं एका सरकारी केंद्रातून आणि बीपीची दुसऱ्याच खासगी दवाखान्यातून, अशी व्यवस्था आपल्याकडे सर्रास असते. म्हणून कोर्स सुरू झाल्याची तारीख आणि संपल्याची तारीख, दोन्ही बीपीच्या डॉक्टरांना सांगायच्या.

(पुढील लेखांकात : मूत्रपिंडाच्या वाटेनं जाणारी औषधं)